स्वस्त उजेडाची किंमत

मराठी भाषेंत 'घासलेट' म्हणून एक शब्द आहे. 'गॅसलाइट' ह्या इंग्रजी शब्दाचें तें आपल्या तोंडीं बसलेलें रूप होय. मौज अशी कीं, ज्या वस्तूला आपण हें नांव दिलें ती वस्तु गॅस नव्हेच; तें भूगर्भांतून निघणारें तेल आहे. त्याचें दुसरें नांव 'रॉकेल'. तें 'रॉक ऑइल', म्हणजे खडकांतलें तेल, ह्यावरून आलें. शहराच्या रस्त्यावर जो नवा झगझगीत दिवा लागला त्याचें नांव सामान्य माणसानें आपल्या घरांतील नव्या तेलाला देऊन टाकलें असें दिसतें. व्याकरणाच्या दृष्टीनें ही चूक असेल. परंतु समाजाच्या मनांत त्या वेळीं काय चाललें होतें तें ह्या चुकीइतकें स्वच्छपणें दुसरें कोणतेंहि साधन सांगणार नाहीं. लोकांना तेलाशीं कर्तव्य नव्हतें, उजेडाशीं होतें.

राजे, लढाया आणि तह ह्यांचा इतिहास आपल्याकडे पुष्कळ लिहिला गेला. दिव्याचा इतिहास मात्र त्या मानानें उपेक्षित राहिला. वस्तुतः मनुष्याच्या दिनक्रमांत गेल्या दीडशें-पावणेदोनशें वर्षांत जी क्रांति झाली तिचा उगम दिव्यांतच शोधावा लागतो. त्या क्रांतीविषयीं एकच प्रश्न आम्ही येथें विचारणार आहों. उजेड पुनःपुन्हां स्वस्त होत गेला. मग प्रत्येक वेळीं झालेल्या बचतीचें आपण काय केलें?

आरंभ अर्थातच समईपासून केला पाहिजे. तीळ, करडई, खोबरें, करंज, एरंडी ह्यांचें तेल दिव्यांत जळे, आणि ह्यांपैकीं कित्येक तेलें फोडणीलाहि लागत. म्हणजे दिवा जळत राहिला कीं घरांतील अन्नच जळत राही. सासूबाईंची नजर वातीच्या जाडीवर असे ती कांहीं केवळ स्वभावाच्या कद्रूपणामुळें नव्हे. दिवेलागण झाली, देवापुढें दिवा लागला, मुलांची शुभंकरोति आटोपली, जेवणें झालीं, कीं दिवा शांत करावयाचा आणि रात्र झोंपेच्या स्वाधीन करावयाची, असा नेम होता. घरांत दिवा एक आणि त्याच्या भोंवतीं माणसें दहा. ज्याला वाचावयाचें तो दिव्याजवळ, ज्याला गोष्ट ऐकावयाची तो मागें, आणि ज्याला भांडावयाचें तोहि तेथेंच. एकांत ही वस्तु गरिबाला तर नाहींच, पण सुखवस्तु माणसालाहि रात्रीं मिळत नसे. रात्रभर उजेड म्हणजे लग्न, जत्रा, तमाशा किंवा कीर्तन. पलित्यांच्या नि मशालींच्या उजेडांत ज्यांनीं हे खेळ पाहिले त्यांना त्यांतील नटांचे चेहरे अर्धेच दिसले असतील. उरलेले अर्धे त्यांनीं आपल्या कल्पनेनें पुरे केले.

अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया प्रांतांत १८५९ सालीं ड्रेक नांवाच्या गृहस्थानें जमिनींत भोंक पाडून खनिज तेल काढलें, आणि त्यानंतरच्या कांहीं दशकांत जगांतल्या सर्व समयांचें भवितव्य ठरून गेलें. प्रथम अमेरिकेचें, मग रशियांतील बाकूचें, आणि पुढें ब्रह्मदेशाचें तेल आपल्या बाजारांत आलें. चिमणी, कंदील, टांगता दिवा अशीं त्याचीं पात्रें घरोघर झालीं. हें तेल खाण्याचें नव्हतें. म्हणून तें जाळतांना अन्न जाळल्याचा चटका मनाला बसत नसे. संयमाची पहिली गांठ येथें सुटली. माजघराला एक कंदील, ओटीवर एक, स्वयंपाकघरांत एक चिमणी, अशी दिव्यांची वांटणी सुरू झाली. तथापि जुनी काटकसर लगेच मेली नाहीं. तेल ज्या पत्र्याच्या डब्यांतून येई तो डबा रिकामा झाल्यावर त्यांत पाणी भरलें जाई, धान्य साठे, त्याला दांडी ठोकून बादली होई, आणि अगदींच जीर्ण झाला म्हणजे पत्रा उलगडून छपराचें भोंक बुजवण्यास लावीत. विलायती माल घेतला, पण घेण्याची रीत मात्र देशी ठेवली, असा हा काळ होता.

ह्या दिव्याचे उपकार नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. 'विविधज्ञानविस्तार' १८६७ सालीं निघाला, हरि नारायण आपटे ह्यांचें 'करमणूक' १८९० सालीं आणि 'मनोरंजन' १८९५ सालीं. मराठी मध्यमवर्ग नियतकालिकें वाचूं लागला तो काळ आणि रॉकेलचा कंदील घरांत शिरला तो काळ एकच आहे. दिवसा कचेरी करणारा कारकून आणि दिवसभर चुलीपाशीं असणारी त्याची पत्नी ह्यांना वाचण्याची फुरसत मिळायची ती रात्रींच. स्त्रीशिक्षणाच्या इतिहासांत शाळांची व सुधारकांची नांवें योग्य रीतीनें येतात. परंतु सर्व घर निजल्यावर कंदिलाची वात किंचित् वर करून ज्या बायकांनीं अक्षरें जुळविलीं त्यांच्या कंदिलालाहि तेथें एखादी ओळ मिळावयास हरकत नाहीं.

आतां १८६५ ह्या सालाकडे वळूं. त्या वर्षीं मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. त्याच वर्षीं अमेरिकेंतील यादवी संपली आणि तिच्यामुळें मुंबईंत फुगलेला कापसाच्या सट्ट्याचा फुगा फुटून अनेक पेढ्या बुडाल्या. म्हणजे शहराच्या तिजोऱ्यांत काळोख पडला तेव्हां त्याचे रस्ते उजळले होते. आणि त्याच वर्षीं इंग्लंडांत विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स ह्या तिशीच्या आंतील अर्थशास्त्रज्ञानें दगडी कोळशाच्या प्रश्नावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या वेळचे शहाणे लोक म्हणत कीं, यंत्रें सुधारलीं म्हणजे कोळसा कमी लागेल आणि देशाचा सांठा पुरून उरेल. जेव्हन्सनें दाखविलें कीं, होतें तें नेमकें उलट. वॉटचें वाफेचें यंत्र पूर्वींच्या यंत्राहून पुष्कळ कमी कोळसा खाई. परंतु तें काटकसरी असल्यामुळेंच जेथें पूर्वीं यंत्र परवडत नव्हतें तेथें तें परवडूं लागलें, यंत्रांची संख्या अनेक पटींनीं वाढली आणि एकंदर कोळसा पूर्वींहून कितीतरी अधिक जळूं लागला. वस्तूचा वापर काटकसरीचा झाला म्हणजे ती वस्तु शिल्लक राहतेच असें नाहीं, हें त्याचें म्हणणें. आमच्या मतें हें म्हणणें दिव्याला कोळशाहूनहि अधिक चपखल बसतें. मुंबईंत मात्र त्या वर्षीं हा ग्रंथ वाचण्यापेक्षां आपले बुडालेले रोखे मोजण्यांत लोक अधिक गुंतले असावेत.

गॅसच्या मागोमाग वीज आली. क्रॉफर्ड मार्केटांत विजेचे दिवे १८८२ सालीं लागले. घोड्यांची ट्राम १८७४ पासून चालत होती, तिच्या जागीं विजेची ट्राम १९०७ सालीं धांवूं लागली. लोक ह्या चमत्काराकडे पाहत असतां गिरणगांवांत त्याचा निराळाच अर्थ उमगत होता. सूर्य मावळला कीं काम थांबावें, हा कायदा कोणत्याहि सरकारानें केलेला नव्हता. तो निसर्गाचा होता, आणि गिरणीचा मालक कितीहि लोभी असला तरी तो त्याला मोडतां येत नसे. विजेच्या दिव्यानें तो मोडला. १९०५ च्या सुमारास, कापडाला तेजी असतां, मुंबईच्या कित्येक गिरण्या विजेच्या उजेडांत दिवसाचे चौदा-पंधरा तास चालत. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या खटपटीनें गिरणी-कामगारांना आठवड्याची सुटी १८९० सालीं मिळाली होती. परंतु आठवड्याचे जे सहा दिवस उरले ते दिव्यानें असे ओढून लांब केले. अखेर प्रौढ पुरुषांच्या कामाला बारा तासांची मर्यादा घालणारा कायदा १९११ सालीं करावा लागला. निसर्गानें फुकट दिलेली मर्यादा यंत्रानें पुसली आणि ती कायद्याच्या शाईनें पुन्हां लिहावी लागली; तीहि पहिल्याहून बरीच सैल.

ह्या गिरण्यांचा धूर शहरावर पसरे. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस अडवून त्याच्या बळावर मुंबईला निर्धूर वीज द्यावी, ही कल्पना जमशेटजी टाटा ह्यांनीं उराशीं धरली होती. १९०४ सालीं ते वारले. कंपनी १९१० सालीं निघाली आणि खोपोलीचें वीजघर १९१५ सालीं सुरू झालें. लोणावळ्याच्या बाजूस तलावांत सांठविलेलें पाणी प्रचंड नळांतून सुमारें सतराशें फूट खालीं सोडावयाचें, त्याच्या वेगानें चक्रें फिरवावयाचीं आणि त्यांतून निघालेली वीज तारांवरून मुंबईला न्यावयाची, अशी ही योजना. तिची भव्यता नाकारण्याचें कारण नाहीं. पुढें १९२२ सालीं भिवपुरी आणि १९२७ सालीं भिरा अशीं आणखी दोन वीजघरें झालीं. १९२५ सालीं बोरीबंदराहून कुर्ल्यापर्यंत विजेची आगगाडी धांवली आणि १९३० सालीं 'दख्खनची राणी' पुण्याला येऊं-जाऊं लागली. ह्या गाडींतून घाट चढतांना डबा धुरानें काळा होत नाहीं म्हणून प्रवासी खूष झाले.

परंतु भिऱ्याच्या चक्रांवर पडणारें पाणी मुळशीच्या खोऱ्यांतून येतें, आणि तें खोरें रिकामें नव्हतें. तेथें भाताचीं खाचरें होतीं, देवळें होतीं, पिढ्यान्‌पिढ्या नांदलेले मावळे होते. पन्नासाच्या आसपास गांवें धरणाच्या पोटांत जाणार हें कळल्यावर १९२१ सालीं रामनवमीच्या दिवशीं तेथें सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट ह्यांना 'सेनापति' ही पदवी ह्याच लढ्यानें दिली. मावळ्यांनीं कामावर आडवें पडून काम थांबविलें, बायका तुरुंगांत गेल्या, पण धरण थांबलें नाहीं. तीन वर्षांत लढा मोडला. तो मोडण्याचें एक कारण जेवढें लाजिरवाणें तेवढेंच बोधप्रद आहे. जमिनींचे पुष्कळसे हक्क सावकारांकडे गेलेले होते. मोबदल्याचे आंकडे पुढें येतांच त्यांचें समाधान झालें. जमिनीची किंमत ज्याला पैशांत मोजतां येत होती त्याला पैसा मिळाला. ज्याला ती मोजतां येत नव्हती त्याचें घर पाण्याखालीं गेलें.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. कोळशाच्या धुरानें मुंबईकरांचीं फुप्फुसें काळीं होऊं द्यावयास हवीं होतीं, असें आमचें म्हणणें नाहीं. पाण्याची वीज ही कोळशाच्या विजेहून चांगलीच. आमचा आक्षेप हिशेबाच्या पद्धतीला आहे. समईचें तेल जो जाळी तोच त्याची किंमत देई. फोडणीला तेल कमी पडलें म्हणजे त्याला तें जेवतांना कळे. विजेच्या युगांत दिवा एका गांवीं आणि त्याची किंमत दुसऱ्या गांवीं अशी फारकत झाली. गिरगांवांतल्या ज्या माणसानें १९२७ सालीं बटन दाबलें त्याला मुळशीचें नांव वर्तमानपत्रांतून माहीत असेल, पण त्याच्या महिन्याच्या बिलांत त्या गांवांचा उल्लेख नव्हता. पुढें स्वराज्य आलें. कोयनेचा पहिला टप्पा १९६२ सालीं पुरा झाला आणि महाराष्ट्राच्या कारखानदारीला मोठा आधार मिळाला. पण तेथून उठलेल्या लोकांच्या पुनर्वसनाचीं गाऱ्हाणीं त्यानंतर कित्येक दशकें चालत राहिलीं. राज्यकर्ते बदलले, हिशेबाची वही तीच राहिली.

आतां ह्या विजेचा उपयोग आपण कसा केला तें पाहूं. त्यांत करमणुकीचा वांटा लहान नाहीं. १८९६ सालीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्युमिएर बंधूंचीं हलतीं चित्रें दाखविण्यांत आलीं. १९१३ सालीं दादासाहेब फाळके ह्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला. फाळक्यांनीं तो सूर्यप्रकाशाच्या भरंवशावर घेतला, आणि लोकांनीं तो काळोखांत बसून पाहिला. जो काळोख घरांत फुकट होता तो आतां तिकीट काढून विकत घ्यावा लागला, असें एखादा विनोदी मनुष्य म्हणेल. १९३१ सालीं 'आलम आरा' बोलला आणि १९३२ सालीं प्रभात कंपनीच्या 'अयोध्येचा राजा'नें मराठींत संवाद केला. रात्र-रात्र रंगणारें संगीत नाटक ह्या तीन तासांच्या प्रतिस्पर्ध्यापुढें टिकेना. रेडिओ १९२७ सालीं मुंबईंत बोलूं लागला. दूरदर्शनचें मुंबई केंद्र १९७२ सालीं निघालें. १९८७-८८ सालीं रविवारीं सकाळीं 'रामायण' लागे तेव्हां रस्ते ओस पडत आणि ज्याच्या घरीं तो संच असे त्याच्या घरांत चाळींतलीं मुलें चपला काढून ओळीनें बसत. समईभोंवतीं जमणाऱ्या दहा माणसांची ती शेवटची आवृत्ति होती. आज प्रत्येकाच्या तळहातावर स्वतंत्र दिवा आहे. एकाच बिछान्यावर चार माणसें चार निरनिराळीं चित्रें पाहतात आणि अंधार केल्यावरहि चौघांचीं तोंडें निळसर उजळलेलीं असतात. पूर्वीं नसलेला एकांत आतां मिळाला, पण मिळाला तो इतका, कीं त्याला एकांत म्हणावें कीं एकलकोंडेपणा, असा प्रश्न पडावा.

सणांचीहि तीच गत. सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ सालीं सुरू झाला तेव्हां व्याख्यानें, मेळे, कीर्तनें हीं त्याचीं आकर्षणें होतीं. आज पुष्कळ ठिकाणीं मंडपाचें मोठेपण रोषणाईच्या नि ध्वनिक्षेपकांच्या मापानें मोजतात. विवाहाच्या कार्यालयाच्या दर्शनी भिंतीवर दिव्यांचा धबधबा नसेल तर व्याह्याला अपमान वाटतो. भरदुपारीं दुकानांतील शेंकडों दिवे कोणत्या अंधाराशीं लढत असतात हें आम्हांस अद्यापि उमगलेलें नाहीं. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत 'भारनियमन' ह्या भारदस्त शब्दाखालीं खेड्यांना तासन्‌तास अंधारांत ठेवीत. त्याच रात्रीं शहरांतील जाहिरातींचे फलक पाहणारें कोणी नसतांहि उजळलेले असत. ज्यांच्या गांवांवरून तारा जात त्यांच्या घरांत कंदील आणि ज्या शहराला तारा जात तेथें निर्मनुष्य रस्त्यावर लखलखाट, हें मुळशीच्या हिशेबाचेंच पुढचें पान होय.

कांहीं वाचक म्हणतील कीं, आतां विज्ञानानें हा प्रश्न सोडविला आहे. निळा प्रकाश देणारा एलईडी शोधणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. भारत सरकारनें २०१५ सालीं 'उजाला' योजना काढली आणि तिच्यांतून ३६ कोटींहून अधिक दिवे लोकांना दिले. जुन्या गोळ्याच्या लहानशा अंशाइतक्या विजेंत तेवढाच उजेड पडूं लागला. ही खरोखरच मोठी गोष्ट आहे, आणि तिनें वीज वांचली हेंहि खरें. झालेली बचत प्रत्येक वेळीं पूर्णपणें गिळलीच जाते असा जेव्हन्सच्या म्हणण्याचा अर्थ करणें योग्य नव्हे. आजचे अर्थशास्त्रज्ञहि त्याविषयीं एकमताचे नाहींत. परंतु लांबच्या पल्ल्याचा हिशेब डोळे उघडणारा आहे. फूके आणि पिअर्सन ह्या दोन अभ्यासकांनीं २००६ सालीं ब्रिटनच्या दिव्यांचा सात शतकांचा हिशेब मांडला. १८०० सालीं जेवढ्या उजेडाला जो खर्च येई त्याच्या तीन हजारांशाहूनहि कमी खर्चांत तो २००० सालीं मिळूं लागला होता. आणि दर माणशीं उजेडाचा वापर ६,५०० पट झाला होता. एकंदर वापर तर २५,००० पट! किंमत जितकी उतरली त्याच्या दुपटीहून अधिक पटीनें भूक वाढली. वर ज्या तळहातावरच्या दिव्याचा उल्लेख केला त्याच्या मागें संगणकांचीं अजस्र कोठारें रात्रंदिवस चालू असतात. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणें २०२४ सालीं जगांतील अशा कोठारांनीं सुमारें ४१५ अब्ज युनिट वीज वापरली. जगाच्या एकंदर विजेच्या ती सुमारें दीड टक्का भरते. अर्ध्या मिनिटाच्या विनोदी चित्राला हंसतांना आपण एखादा दिवा लावला आहे असें कोणाच्याहि मनांत येत नाहीं.

मग काय समईकडे परत जावयाचें? असा उपदेश करणारे विद्वान् अधूनमधून भेटतात. ह्यांपैकीं कोणींहि पहांटे उठून कंदिलाच्या कांचेची काजळी राखेनें पुसलेली नसते. तें काम घरांतील बायकांनीं केलें, आणि चुलीच्या धुरांत डोळे त्यांनींच गमाविले. विजेनें त्यांची जेवढी सुटका केली तेवढी फार थोड्या सुधारकांना साधली. तेव्हां उजेडाची निंदा आम्हांस मान्य नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, पूर्वीं 'पुरे' हा शब्द तेल संपलें म्हणजे आपोआप उच्चारला जाई. आतां तेल संपत नाहीं, निदान आपल्या डोळ्यांदेखत संपत नाहीं. म्हणून तो शब्द आपला आपण उच्चारावा लागेल. टंचाईनें शिकविलेला संयम फुकटचा होता. समृद्धींतला संयम कमवावा लागतो, आणि यंत्र कितीहि काटकसरी झालें तरी तें काम यंत्र आपल्याकरितां करणार नाहीं.

आपल्या पूर्वजांनीं आषाढी अमावास्येला दिव्यांची पूजा सांगितली आहे. त्या दिवशीं समया, निरांजनें, लामणदिवे, पणत्या असे घरांतील सर्व दिवे बाहेर काढून घासावयाचे आणि पाटावर एकत्र मांडावयाचे अशी चाल आहे. धर्म बाजूला ठेवला तरी त्यांत एक व्यवहार होता: घरांत दिवे किती, कोणता गळतो, कोणता निकामी झाला, हें वर्षांतून एकदां सर्वांना एका ठिकाणीं दिसे. आज ती अमावास्या बहुसंख्य लोकांना निराळ्याच, जरा ओल्या कारणासाठीं आठवते, आणि तिचें नांवहि त्यांनीं गटारावरून ठेवलें आहे. त्याबद्दल कोणाला नीतिपाठ देण्याची आमची इच्छा नाहीं. परंतु त्या संध्याकाळीं बैठक भरण्यापूर्वीं घरांतील मंडळींनीं एकदां खोल्याखोल्यांतून फिरून आपले जळणारे दिवे नि उजळलेले पडदे मोजावेत, आणि प्रत्येकापाशीं क्षणभर थांबून हा कोणासाठीं जळतो आहे आणि ह्याचें पाणी किंवा कोळसा कोणाच्या अंगणांतून येतो, एवढें विचारावें. उत्तर मिळालें तर दिवा खुशाल जळूं द्यावा. न मिळालें तर बटन हाताशींच असतें.